कवडशातली धूळ मोजता येते!

सकाळचे दहा वाजतात. डबे भरून झालेले असतात, घरातली माणसं आपापल्या गाड्या पकडायला गेलेली असतात, आणि ओट्याशी टेकून आपण आपला निवलेला चहा हातात घेतो. नेमक्या त्याच वेळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून उन्हाचा एक कवडसा आत येतो आणि फळीवरच्या पिठामिठाच्या डब्यांवर जाऊन टेकतो. त्या उन्हाच्या पट्ट्यात कण कसे तरंगतात, वर जातात, खाली येतात, ते तुमच्याही घरी दिसत असेल. लहानपणी मी ते कण पकडायला ओंजळ पुढे करायची. हल्ली मात्र तो कवडसा आला की माझ्या पोटात गोळा येतो.

कारण सांगते. आम्ही वांद्र्याचे, स्टेशनच्या पूर्वेकडचे. आमच्या बाजूच्या जुन्या तीन-चार मजली इमारती एकेक करून पाडल्या जाताहेत आणि तिथे टॉवर उभे राहताहेत. शेजारच्या प्लॉटवर हेच काम सुरू झालं आणि त्या हिवाळ्यात माझ्या धाकट्याचा खोकला काही केल्या हटेना. रात्री छातीतून सूं सूं आवाज यायचा. डॉक्टरांनी विचारलं, "घरात धूळ फार येते का?" मी म्हटलं, "डॉक्टर, सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटाने 'श्री' लिहिता येतो. तुळशीचं पान हिरवं आहे की राखाडी, तेच कळेनासं झालंय."

मग इमारतीतल्या आम्ही चौघीजणी मिळून त्या कामावर गेलो. तिथल्या माणसाने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि हसून म्हणाला, "ताई, मुंबईत धूळ असायचीच. तुम्हाला जरा जास्त वाटते, इतकंच."

मैत्रिणींनो, तो 'वाटते' शब्द मला असा झोंबला म्हणून सांगू! रोज दोनदा जी धूळ पुसावी लागते, ती म्हणे आम्हाला नुसती वाटते! त्याच दिवशी ठरवलं, की हवेतली धूळ मोजतात तरी कशी, ते एकदा समजून घ्यायचंच. आणि शोधायला गेले तर काय, उत्तर आमच्या त्या कवडशातच होतं.

पेलाभर पाणी आणि चार थेंब दूध

आधी एक गंमत करून पाहा. मुलांनाही बोलवा. काचेचा उंच पेला पाण्याने भरा, त्यात दुधाचे तीन-चार थेंब टाका आणि ढवळा. खोलीतले दिवे घालवून मोबाईलचा दिवा पेल्याच्या एका बाजूने लावा. आता शेजारच्या बाजूने बघितलंत, तर पाणी किंचित निळसर दिसेल. दिव्याच्या बरोबर समोरच्या बाजूने बघितलंत, तर तोच दिवा पिवळट, तांबूस दिसेल. फरक नीट कळला नाही, तर दुधाचा आणखी एखादा थेंब टाका.

झालं काय? दुधातल्या बारीक कणांनी उजेड इकडेतिकडे विखुरला. निळा उजेड जास्त विखुरला, म्हणून तो बाजूने दिसला. तांबडा कमी विखुरला, म्हणून तो आरपार पोचला. दुपारचं आकाश निळं आणि मावळतीचा सूर्य तांबडा, त्याचं मूळ कारणही हेच.

हवा मोजणारी उजेडाची यंत्रं याच युक्तीवर चालतात. काही यंत्रं बाजूने बघतात, म्हणजे कणांनी किती उजेड विखुरला ते मोजतात. काही आरपार बघतात, म्हणजे किती उजेड पलीकडे पोचला ते मोजतात. तिसरी तऱ्हा आहे उलट येणाऱ्या उजेडाची. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुकं असलं, की गाडीचा दिवा परतून आपल्याच डोळ्यांवर येतो ना? तो परतलेला उजेड मोजायचा. या दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेत मोठी सोय अशी, की यंत्र जमिनीवरच राहतं आणि कित्येक किलोमीटर उंचीवरच्या हवेची खबर आणतं. हवेला हात लावावा लागत नाही. यालाच दूरसंवेदन म्हणतात.

सिमला ऑफिसातल्या बाई

आता तुम्ही म्हणाल, ही असली यंत्रं परदेशातून येत असतील. तर तसं नाही. यातला एक महत्त्वाचा धागा आपल्या पुण्यातून जातो आणि तो एका बाईने विणलेला आहे.

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' आहे. नाव ऐकून नवखी माणसं बुचकळ्यात पडतात. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते नाव. याच हवामान खात्यात, पुण्याच्या उपकरण विभागात, १९४८ साली अण्णा मणी रुजू झाल्या. जन्म १९१८ चा, गाव केरळातलं पीरमेड. बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकं यांवर उजेड टाकून त्यातून कोणता उजेड बाहेर पडतो, याचा अभ्यास केला होता. तो उजेड इतका मंद असे, की त्याचं चित्र घ्यायला फोटोची काच पंधरा-वीस तास उघडी ठेवावी लागे. त्यासाठी रात्र-रात्र प्रयोगशाळेतच काढायची. आपण हिरे-माणकांकडे दागिना म्हणून बघतो. त्यांनी उजेडाचं पुस्तक म्हणून वाचली. प्रबंध लिहून पूर्ण केला, पण एम.एस्सी. नव्हत्या म्हणून विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. पुढे १९४५ साली शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या. मिळालेली शिष्यवृत्ती हवामानाच्या उपकरणांसाठी होती, म्हणून तोच विषय घेतला आणि जन्मभर सोडला नाही.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं. साधी उपकरणंसुद्धा बाहेरून आणायची वेळ. अण्णा मणींनी शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाण करून दिले, म्हणजे ती इथेच बनवता यावीत. १९५३ पर्यंत त्या विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या आणि त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत होते. त्या काळात, बरं का! १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात देशभर सूर्यप्रकाश मोजणारी केंद्रं उभी केली. पुढे ओझोन वायू मोजणारं भारतीय उपकरण केलं. १९७६ साली खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या आणि २००१ साली वारल्या.

त्यांचा एक आग्रह असे, की चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे माझी जी फजिती झाली, ती हे वाक्य विसरल्यानेच.

माणकाचा उजेड आभाळात

योगायोग बघा. १९६० साली अमेरिकेत पहिला लेसर पेटला, तो माणकाचाच होता. आणि १९६३ साली तसाच माणकाचा लेसर आभाळाकडे रोखून दोन शास्त्रज्ञांनी उंचावरच्या हवेतून परतणारा उजेड पकडला. या यंत्राला लिडार म्हणतात. घाटातल्या धुक्याचंच तत्त्व, फक्त दिवा फार तेज आणि घड्याळ फार चोख.

घड्याळ कशाला, ते सांगते. उजेड सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. आपल्या डोक्यावर एक किलोमीटर उंचीवर धुळीचा थर असेल, तर उजेड तिथे जाऊन परत यायला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जवळजवळ पावणेसात भाग लागतात. दोन किलोमीटरवर असेल, तर त्याच्या दुप्पट. किती वेळाने उजेड परतला यावरून थर किती उंच, आणि किती परतला यावरून थर किती दाट, ते कळतं.

पुण्यात हवामानशास्त्राची दुसरी एक मोठी संस्था आहे, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. १९६२ साली स्थापन झाली. तिथे १९८६ च्या सुमारास आर्गॉन वायूच्या लेसरवर चालणारं लिडार सुरू झालं आणि पुण्याच्या आकाशातल्या कणांची नोंद वर्षानुवर्षं घेतली गेली. असे लेसर म्हणजे मोठा लवाजमा. त्यांना भरपूर वीज लागते आणि ते तापू नयेत म्हणून सतत वाहतं पाणी लागतं. खोलीभर संसार! मग शास्त्रज्ञांनी तो आटोपशीर करायला घेतला. एकच दणदणीत झोत सोडण्याऐवजी सेकंदाला हजारो बारीक झोत सोडायचे आणि परतलेल्या उजेडाची बेरीज करत राहायची. थेंबे थेंबे तळे साचे, तसं. त्यामुळे लहान लेसर पुरू लागला आणि डोळ्यांचा धोकाही कमी झाला. पुण्याच्या संस्थेतही असं लहान झोतांचं लिडार तयार झालं. तिरुपतीजवळ गादंकीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत तर कुठेही नेता येईल असं लिडार बनवलं गेलं.

आपल्या घरासाठी याचं महत्त्व काय? हे यंत्र 'झाकणाची' उंची सांगतं. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड राहते, वर मात्र उबदार हवेचं झाकण बसतं. मग गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, शेकोट्या, सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. पातेल्यावर झाकण घालावं तसंच. दिवस वर आला, जमीन तापली, की झाकण वर सरकतं आणि कोंडलेली हवा पसरून विरळ होते. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की आणखी मोकळी होते. म्हणून हिवाळ्यात पहाटेची हवा शुद्ध, हा आपला समज मुंबईत तरी खरा नाही.

हातात मावणारं यंत्र

आरपार बघणाऱ्या यंत्रांत तर त्याहून गंमत आहे. त्यांना दिवाही लागत नाही, सूर्य हाच दिवा! सूर्यप्रकाशमापक हे त्यांचं नाव. त्यातलं 'मायक्रोटॉप्स' नावाचं एक यंत्र पुण्याच्या शास्त्रज्ञांनी खूप वापरलं आहे. हातात धरता येतं, वजन अर्ध्या-पाऊण किलोच्या मध्ये आणि घड्याळात घालतो तसल्याच चार पेन्सिल सेलवर चालतं. त्याचं तोंड सूर्याकडे करायचं, सूर्याचा ठिपका खुणेवर आणायचा आणि बटण दाबायचं. आतल्या पाच गाळण्या उजेडाचे पाच वेगवेगळे रंग तपासतात. त्यांतले काही रंग आपल्या डोळ्यांना दिसतही नाहीत.

पातळ चहाच्या काचेच्या पेल्यातून तळाचा चमचा दिसतो, कडक चहातून दिसत नाही. तसंच हे. वातावरणाबाहेर सूर्याचा उजेड किती, ते ठाऊक असतं. आपल्यापर्यंत किती पोचला, ते यंत्र सांगतं. मधल्या मधे जो हरवला, त्यावरून वरची सगळी हवा 'पातळ' आहे की 'कडक', ते काढायचं. पुण्यात २००४ पासून असंच एक यंत्र, आपोआप सूर्यामागे फिरणारं, जगभरच्या जाळ्यात सामील झालं. उपग्रह वरून खाली बघून धुळीचा अंदाज करतात. तो अंदाज बरोबर की चूक, हे अशा जमिनीवरच्या यंत्रांशी ताडून पाहतात. अर्थात पावसाळ्यात ढग आले, की वरून उपग्रहाचा आणि खालून या यंत्राचा, दोघांचाही नाइलाज होतो.

(मुलांना एक ताकीद द्या. हा प्रयोग घरी नाही! सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून कधीही बघायचं नाही. खेळण्यातला लेसरही कुणाच्या डोळ्यांवर मारायचा नाही.)

आपल्या वांद्र्यात काय आहे?

वर आकाशात काय चाललंय ते कळलं. पण आमचा प्रश्न खिडकीचा होता. त्याचीही सोय आहे. पुण्याच्याच संस्थेची 'सफर' ही योजना २०१५ साली मुंबईत आली, तेव्हा तिच्या केंद्रांत वांद्रे-कुर्ला संकुल होतं. आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं एक केंद्र वांद्रे पूर्वेला, खेरवाडीत आहे. अशा केंद्रात थंडगार खोलीत मोठी यंत्रं मांडलेली असतात. कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, गंधकाचा वायू यांना ती वेगवेगळ्या अदृश्य उजेडाने ओळखतात. धूळ मात्र कागदी फितीवर गोळा करून किरणांनी जोखतात. ही यंत्रं महाग आणि नाजूक असतात, त्यांना माणूस आणि देखभाल लागते. गल्लोगल्ली ती कशी ठेवणार?

म्हणून आता छोटी यंत्रं आली आहेत. ही बाजूने बघणारी. आतला भाग काडेपेटीपेक्षा जरासा जाड. एक चिमुकला पंखा हवा आत ओढतो, एक बारीक लेसर त्या हवेवर पडतो आणि कणांनी विखुरलेला उजेड शेजारचा 'डोळा' टिपतो. म्हणजे आमचा कवडसाच, डबीत बंद केलेला! काही हजार रुपयांत मिळतो.

पण ही डबी खरं सांगते का? ते तपासायला प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कानपूरची आय.आय.टी. यांनी नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात मुंबई परिसरातल्या मंडळाच्या १५ केंद्रांवर, मोठ्या यंत्रांशेजारी, अशी ४० छोटी यंत्रं लावून पाहिली. भाजीवाल्याचा काटा सोनाराच्या काट्याशेजारी ठेवून तपासावा, तसं. कारण ताडून, दुरुस्त करून घेतलं तरच छोट्या यंत्राचा आकडा कामाचा.

फोडणीने केलेली फजिती

हे सगळं वाचून मी एक यंत्र मागवलं. आलं त्याच दिवशी फ्रिजवर ठेवलं आणि स्वयंपाकाला लागले. मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या, आणि आकडा ४० वरून झरझर चढत चारशेच्या पुढे! मी आनंदाने ओरडले, "बघा! म्हटलं नव्हतं?" आमचे हे ठसकत बाहेर आले आणि म्हणाले, "मग बिल्डरच्या आधी तुझीच तक्रार करायला हवी."

पुढच्या आठवड्यात खिडकीबाहेर ठेवलं, तर एका दमट, धुकट सकाळी आकडा पुन्हा भलताच वर. तुळस तर स्वच्छ होती! मग कळलं, दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि उजेड जास्त विखुरतात. यंत्राला वाटतं धूळ वाढली. आपल्या वांद्र्यासारख्या समुद्राकाठच्या वस्तीत हे नेहमीचंच. तेव्हा अण्णा मणी आठवल्या.

तिसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही छोटी डबी बारीक कण चांगले बघते, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. हे कण आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाएवढे, आणि थेट फुप्फुसात खोल जाणारे. पण बांधकामाची पुष्कळशी धूळ जाड असते आणि ती या डबीला नीट दिसत नाही. म्हणजे डबी म्हणेल 'ठीक आहे', आणि खिडकीवर 'श्री' उमटतच राहील! यंत्र खोटं नाही आणि बोटही खोटं नाही. दोघं वेगळी धूळ बघतात. म्हणून दोघांचीही नोंद ठेवायची.

मी तसंच केलं. सहा आठवडे वही ठेवली. सकाळी आठ, दुपारी तीन, रात्री नऊ. यंत्र खिडकीबाहेर, पावसापासून आडोशाला, स्वयंपाकघरापासून लांब. शेजारच्या रकान्यात त्याच वेळचा खेरवाडीच्या केंद्राचा आकडा. त्यापुढे शेजारी काम चालू की बंद. आणि एक स्टीलचं ताट धुऊन, पुसून खिडकीत चोवीस तास ठेवायचं, मग त्याच उजेडात त्याचा फोटो काढायचा. रविवारी काम बंद असलं, की आमचा आकडा खेरवाडीच्या जवळपास यायचा. पाडकामाच्या दिवशी वर जायचा. ताटाचं तर विचारूच नका.

मग त्याचा उपयोग काय झाला?

मुंबई महानगरपालिकेने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी बांधकामाच्या धुळीबद्दल सूचना काढल्या. एक एकराहून मोठ्या जागेभोवती ३५ फूट आणि लहान जागेभोवती २५ फूट उंच पत्रे, इमारतीला हिरवं कापड किंवा ताडपत्री, राडारोड्यावर पाणी, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुणे. आणि आणखी एक गोष्ट, जी मला वाचून उडीच मारावीशी वाटली: कामाच्या जागी हवा मोजणारं यंत्र लावायचं, आकडा वाढला तर लगेच उपाय करायचा आणि पालिकेच्या अधिकाऱ्यांनी मागितली तर नोंद दाखवायची.

आम्ही चौघी पुन्हा गेलो. तोच माणूस, तीच खुर्ची, तेच पाणी. या वेळी मी एवढंच विचारलं, "भाऊ, तुमचं यंत्र कुठे लावलंय?" त्याने कपाट उघडलं. यंत्र होतं, पण प्लॅस्टिकच्या वेष्टनात, जसं आलं तसं! मी वही उघडून पुढे ठेवली. या वेळी 'वाटते' म्हणाला नाही. तरी आम्ही विभाग कार्यालयात वहीच्या प्रतीसह अर्ज दिलाच. तीन खेपा झाल्या. पण पत्रे उंच झाले, राडारोड्यावर पाणी पडू लागलं, पाडकामाला कापड लागलं. धूळ संपली का? नाही. ताटावर अजून पडते, पण पूर्वीसारखी नाही. धाकट्याचा खोकला डॉक्टरांच्या औषधाने उतरला. तो फक्त त्याच धुळीचा होता, असं मी म्हणणार नाही. पण रात्रीचा तो सूं सूं आवाज मी अजून विसरलेली नाही.

घरच्या वहीत लिहून ठेवा

• मोबाईलवरचा निर्देशांक आणि यंत्रावरचे मायक्रोग्रॅम यांची गल्लत करू नका. पीएम २.५ चं प्रमाण ६० मायक्रोग्रॅम असलं, तर आपला राष्ट्रीय निर्देशांक १०० होतो.

• निर्देशांक ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत फार वाईट आणि त्यापुढे गंभीर.

• पीएम २.५ साठी आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा १५. म्हणजे 'समाधानकारक' दिवशीही दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो.

• हिवाळ्यात खिडक्या पहाटे उघडण्याऐवजी दुपारी, वारा सुटल्यावर उघडा. फिरायला जाणंही थोडं उशिरा बरं.

• केरसुणीने कोरडी धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा.

• फोडणी, उदबत्ती, धूप, डासांची कॉइल यांचाही धूरच. फोडणीच्या वेळी पंखा किंवा चिमणी लावा आणि बाळाच्या खोलीत कॉइल नको.

• यंत्र घेतलंत, तर आधी आठवडाभर जवळच्या सरकारी केंद्राच्या आकड्याशी ताडून बघा. एका आकड्यावर विसंबू नका. दमट दिवशीची नोंद वेगळी खूण करून ठेवा.

• यंत्र घेणं जमलं नाही, तरी ताट, फोटो, तारीख आणि वेळ एवढं पुरे. पालिकेचा १९१६ हा क्रमांक आहेच. तक्रारीचा नंबर वहीत उतरवून घ्या.

• मुलाला दम लागत असेल, तर यंत्राकडे बघत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

आमच्या स्वयंपाकघरात सकाळी दहाला कवडसा अजून येतो. परवा धाकटा त्यात दुधाच्या पाण्याचा पेला धरून उभा होता. शेजारच्या काकूंना समजावून सांगत होता, "काकू, बाजूने बघा, निळं दिसतं. आता समोरून बघा." काकूंनी दोन्हीकडून नीट बघितलं, आणि जाताना मला विचारलं, "तुझं ते जुनं स्टीलचं ताट आहे ना, ते दोन दिवस देतेस का ग? आमची खिडकी रस्त्याकडची आहे."